रेनट्रीची नोटीस

नेरूळ, १८ मे

प्रिय मह्या,

वर्षभर पत्र नाही, फोनही दोनदाच. रागावला असशील तर रास्तच आहे. इकडे सगळे बरे. आईचा गुडघा आहे तसाच.

गल्लीच्या तोंडच्या आपल्या रेनट्रीवर सोमवारी नोटीस लागली. नाल्याच्या भिंतीसाठी तोडायचाय. १९७५ च्या झाडांच्या कायद्याखालची नोटीस, हरकतीला सात दिवस. कागदाची खालची कड सुटली होती आणि मुंग्यांची रांग तारखेवरून वर चढत होती. मी वाकून वाचतोय तोच मागून बर्वेकाका म्हणाले, "मह्या असता तर एव्हाना अर्ज गेला असता."

मग मीच अर्ज लिहिला, पहिली सही केली आणि तीन संध्याकाळी दारोदार फिरलो. छप्पन्न घरं. "तोडा" असं एकानेही म्हटलं नाही. चहा झाले, झाडाखालचे जुने फोटो निघाले, पिसेकाकूंच्या तर डोळ्यांत पाणी आलं. पेन पुढे केलं की मात्र, "आमचं नाव नको हं!" कुणाला वाटतं पुनर्विकासाची फाइल अडेल, कुणाचा मुलगा सरकारी नोकरीत, कुणाला सेक्रेटरीशी वाकडं नको. लोकांना काही पडलेलीच नसते, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. तसं नाही रे. झाड सगळ्यांना हवंय, पण कागदावर आपलं नाव उघडं पडायला नको. पाच जूनला रोपं लावायला हीच मंडळी पोराबाळांसकट येतात, कारण तिथे कुणाला नाही म्हणायचं नसतं.

सह्या अकरा झाल्या. बर्वेकाकांनी सहीपुढे लिहिलं, ‘१९९१ पासून या झाडाखाली रिक्षाची वाट बघतो. रिक्षा वेळेवर येत नाही, सावली येते.’ अर्ज घेणारा कारकूनसुद्धा खो खो हसला.

आता जे सांगायला बसलोय ते. एप्रिल २०२४ मध्ये तळ्यावर फ्लेमिंगो मेले तेव्हा तूही असाच कागद घेऊन माझ्या दारात आला होतास. मी म्हटलं, ठाणे खाडी २०२२ मध्येच जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलीय, आता सरकार बघेल. तू भडकलास, "खाडी यादीत आहे, तळं नाही! भरतीला ते पक्षी बसणार कुठे?" मी दार लावून घेतलं. नंतर विन्याच्या लग्नातही आपण वेगवेगळ्या पंगतीला बसलो.

मह्या, रामसरचं निमित्त होतं. तेव्हा माझं घराचं कर्ज मंजूर व्हायचं होतं आणि मला कुठल्याही कागदावर नाव नको होतं. घाबरलो होतो. हे शुभालाही बोललो नाही. परवा पिसेकाकूंनी पेन घ्यायला हात पुढे केला आणि तसाच पदरात ओढून घेतला, तेव्हा मला त्यांच्यावर चिडताच येईना.

वहिनींची बदली झाली का? चिनूचं दहावीचं काय झालं? चिपळूणला आंबा यंदा कसा आहे? सविस्तर लिही.

तळ्याचा तो अर्ज जपून ठेवला असशील तर फोटो पाठव. तू मुद्दे फार नेमके मांडले होतेस, माझ्या अर्जात नुसता कळवळाच झालाय. पोच मिळालीय, शिक्क्यासकट. सुनावणीची तारीख विचारायला मंगळवारी परत जातोय, बर्वेकाकाही येतो म्हणालेत.

तुझा,
सुहास