तक्त्यावरचा रुग्ण एकटाच का?

महोदय,

दवाखान्यातल्या तक्त्यावर माणूस नेहमी एकटा असतो. अवयवांना बाण लावलेले, बस्स. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या खायेलित्शा वस्तीत २००२ साली एचआयव्हीबाधित महिलांनी स्वतःचे देहनकाशे रंगवले. मोठ्या कागदावर आडवे व्हायचे, सोबतिणीने कडा आखायची. मागे सावलीसारखी आणखी एक आकृती, आधार देणाऱ्या व्यक्तीची. आत विषाणू, व्रण, औषधे. ‘माणूस माणसांमुळेच माणूस’ हा आफ्रिकेतला ‘उबुंटू’ नावाचा विचार इथे डोळ्यांना दिसतो. तिथल्या सांगोमांच्या, म्हणजे पारंपरिक वैद्यांच्या, उपचारातही आप्त आणि पूर्वज सोबत असतातच. अर्थात एचआयव्हीवर आधुनिक औषधांना पर्याय नाही, हे ठासून सांगायला हवे. पण रुग्णाला आजार समजावताना त्याच्यामागची माणसेही चित्रात यावीत, ही आरोग्य खात्याला कळकळीची विनंती.

– एक वाचक, पुणे