आबा, तो पिवळा दिवा

कॉव्हेंट्री,
रविवार, सकाळ

तीर्थरूप आबांना शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही दोन वाक्यांत सांगून विषय बदललात. "पिवळा दिवा लागलाय, सायलेन्सरगत चित्र हाय त्यात. मेस्त्री म्हणतोय आतली जाळी काढून टाकू, कायमची कटकट मिटंल." मला ड्युटीवर पळायचं होतं, म्हणून "थांबा, काढू नका" एवढंच बोलता आलं. रात्रभर वॉर्डात तेच डोक्यात घोळत होतं. मेस्त्रीला या आठवड्यात गाडीला हात लावू देऊ नका, एवढं आधी कबूल करा आणि मग पुढचं वाचा. दादालाही वाचायला द्या.

पन्हाळ्याच्या चढाला आपली जुनी जीप मागं काळा लोट सोडायची आणि आई नाकाला पदर लावायची, आठवतंय? तो लोट म्हणजे काजळी. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडं बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे कडक नियम, लागू झाले आणि डिझेल गाड्यांना ती काजळी अशी बाहेर सोडायची मुभा राहिली नाही. म्हणून सायलेन्सरच्या वाटेवर एक फिल्टर बसवतात. त्यालाच डीपीएफ म्हणतात. मेस्त्री त्याला जाळी म्हणतो, पण ती भाजलेल्या मातीच्या विटेसारखी वस्तू असते. मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकं, त्यातलं एक पुढून बुजवलेलं, शेजारचं मागून बुजवलेलं. धुराला भिंतीतून झिरपूनच पलीकडं जावं लागतं आणि काजळी भिंतीला चिकटून राहते. हे काल आलेलं खूळ नाही, आबा. २००० साली प्यूजोच्या ६०७ गाडीत ते आलं. इकडं लोक इतकी वर्षं त्याच्यासकट गाड्या चालवतायत.

आता अडकलेल्या काजळीचं काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल, कारण तुमचं आयुष्य गुऱ्हाळावर गेलंय. चुलवाणाला जाळ नीट लागला की चिपाड पुरतं जळतं, धूर दिसतसुद्धा नाही. जाळ मंद पडला की काळा लोट. फिल्टरातली काजळीही अशीच जाळून टाकायची असते, तिला फक्त पुरेशी धग मिळायला हवी. गाडी हायवेवर लांब पळत असली की धूर इतका तापतो की थोडी थोडी काजळी आपोआप जळत राहते. गावातल्या गावात चालवली की धूर गारच राहतो आणि काजळी साठत जाते. फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब गाडीतला कॉम्प्युटर सारखा मोजत असतो. फरक वाढला की तो स्वतःच जाळ लावतो. सिलिंडरात उशिरा थोडं जास्तीचं डिझेल सोडतो, ते पुढं जाऊन जळतं आणि फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास तापतो. दहा-वीस मिनिटांत काजळी जळून जाते. यालाच रिजनरेशन म्हणतात. काहीशे किलोमीटरमागं एकदा ते होतंच, गाडीला काही झालेलं नसलं तरी.

आता तुम्ही दिवाळीत सांगितलेली गोष्ट आठवा. महाद्वार रोडच्या गर्दीतून घरी आलात, गाडी बंद केली तरी पुढचा पंखा घोंगावत होता आणि जळका वास येत होता. वायरिंग जळालं म्हणून तुम्ही बॉनेट उघडून बसलात. आबा, वायरिंगला काही झालं नव्हतं. गाडीनं जाळ लावला होता आणि आपण मध्येच चावी फिरवली. त्यानंतर असं दोनदा झालं म्हणालात. तीन वेळा चुलवाण पेटवलं आणि तिन्ही वेळा अर्ध्यावर पाणी ओतलं, असं झालं ते. मग दिवा लागणारच.

हे इतक्या ठामपणे लिहितेय कारण माझ्यावर हीच वेळ येऊन गेलीय. तुम्हाला काळजी नको म्हणून तेव्हा सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मी जुनी डिझेल गाडी घेतली. घर ते हॉस्पिटल चार किलोमीटर, थंडीचे दिवस, इंजिन गरम व्हायच्या आतच मी पोचायची. जानेवारीत हाच पिवळा दिवा लागला. गाडी तर छान पळत होती, म्हणून तीन आठवडे मी दुर्लक्ष केलं. मग एका संध्याकाळी, नाईटला जाताना, पावसात, रिंगरोडवर इंजिनाचा दिवाही लागला आणि गाडीचा दम गेला. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी उचलेना. मागून ट्रक येत होते. कशीबशी कडेला घेतली.

मदतीला आलेल्या माणसानं आधी बॉनेट उघडून डिपस्टिक, म्हणजे ऑईल मोजायची पट्टी, ओढली. फडक्यानं पुसली, परत घातली, परत काढली आणि बॅटरीच्या उजेडात माझ्यासमोर धरली. ऑईल वरच्या खुणेच्याही बोटभर वर होतं. मी म्हटलं, मी तर ऑईल घातलंच नाही. तो म्हणाला, वास घ्या. डिझेलचा वास. प्रत्येक अर्धवट राहिलेल्या जाळाच्या वेळी सोडलेलं जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ओघळून ऑईलमध्ये मिसळत होतं. ऑईल पाण्यासारखं पातळ झालेलं. आता ही गाडी सुरूसुद्धा करू नका, म्हणाला. पातळ ऑईलनं टर्बो आणि बेअरिंगं जातात, आणि फार वाढलं तर इंजिन स्वतःचंच ऑईल ओढून पळत सुटतं, चावी काढली तरी थांबत नाही. त्या रात्री मी ड्युटीवर दीड तास उशिरा पोचले. गॅरेजमध्ये ऑईल बदललं, स्कॅनर लावून गाडी उभी करूनच फिल्टर जाळला. फिल्टर आणखी भरला असता तर तसा जाळताही आला नसता, कारण फार काजळी एकदम पेटली की आतली वीट तडकते. मग उतरवून धुवायला पाठवावा लागतो, नाहीतर नवा, आणि नव्याची किंमत ऐकून माझ्या पोटात गोळा आला होता.

तेव्हापासून नाईट संपली की रविवारी मी थेट घरी येत नाही. ए-४६ रस्त्यानं वॉरिकपर्यंत जाते, थोडी पुढं एम-४० हायवेला लागते आणि परत येते. आजही तशीच येऊन हे पत्र लिहायला बसलेय.

तुमच्या गाडीचं दुखणं मला फोनवरच कळलं होतं, आबा. सकाळी रंकाळा, मग गंगावेशीत दूधकट्टा, कपिलतीर्थ मंडई, परत घर. दोन-तीन किलोमीटरच्या वर गाडी जातच नाही. आई होती तेव्हा दर रविवारी तुम्ही दोघं कागलला आत्याकडं जायचात. गेल्या आषाढापासून ते थांबलं, आणि फिल्टर तेव्हापासूनच भरत आलाय. इतकी वर्षं तुम्हाला काही करावं लागलं नाही, कारण त्या रविवारच्या फेरीत जाळायचं काम आपसूक होत होतं.

म्हणून आता असं करा. आधी ऑईल बघा. सपाट जागेवर, इंजिन थंड असताना. वरच्या खुणेच्या वर असेल तर गाडी हलवू नका, आधी ऑईल बदलून घ्या. बरोबर असेल, आणि दिवा पिवळा नि स्थिर असेल, बाकी कुठला दिवा नसेल, तर टाकीत निम्म्याच्या वर डिझेल भरा. रिझर्व्हला आलेली असली तर बऱ्याच गाड्या जाळ लावतच नाहीत. मग कावळा नाक्यावरून तावडे हॉटेलला बाहेर पडा आणि कागलची वाट धरा. गावातून निघून तिथं पोचेपर्यंत इंजिन गरम झालेलं असेल. हायवेला लागलात की साठ-सत्तरचा वेग एकसारखा धरा, चौथ्या गिअरवर ठेवा, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा दोन हजारांच्या वर राहू द्या. जोरात पळवायची अजिबात गरज नाही, फक्त थांबू नका. हायवेच्या रुंदीकरणानं जागोजागी रस्ता वळवलाय असं दादा म्हणत होता, आणि उसाच्या ट्रॉल्यांचे दिवस आहेत, त्यामुळं सकाळी साडेसहा-सातलाच निघा. कागलला वळलात तर कोगनोळीचा टोलनाकाही लागत नाही. दिवा जाईपर्यंत चालवत राहा. बहुतेक वीस-पंचवीस मिनिटांत जातो. जाळ चालू असताना ॲव्हरेजचा आकडा पडलेला दिसेल, उभं राहिल्यावर इंजिन नेहमीपेक्षा वर फिरत असेल, पंखा जोरात असेल, वास येईल. त्या वेळी चावी फिरवू नका. आत्याच्या दारात पोचलात आणि पंखा चालू असला, तर पुढच्या चौकापर्यंत जाऊन या.

पन्हाळ्याला नेऊ का, असं तुम्ही विचाराल. चढाला गाडी छान तापते, पण उतरताना पाय ॲक्सिलरेटरवर नसला की इंजिन डिझेलच घेत नाही, धूर गार पडतो आणि जाळ विझतो. सपाट हायवेच बरा.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. हायवेवरून येऊन गाडी शेतात पाचटावर किंवा वाळल्या गवतावर लावू नका. खाली सहाशे अंशांची वस्तू असते. आपल्या फडाला कुणी मुद्दाम काडी लावायची गरज उरणार नाही.

दिवा लुकलुकत असेल, किंवा त्याच्या जोडीला इंजिनाचा दिवा लागला असेल, किंवा पिकअप गेला असेल, तर हायवे नको. सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या आणि स्कॅनर लावून घ्या. त्यांनी गाडी उभी करून फिल्टर जाळून दिला तरी "का भरला" हे विचारा. कधी दाब मोजणारी बारीक नळी चिरलेली असते, कधी इंजेक्टर जास्त डिझेल सोडत असतो. ते तसंच राहिलं तर महिन्यात परत तेच. ऑईलच्या कॅनचं चित्र असलेला लाल दिवा लागला तर मात्र जिथं असाल तिथंच इंजिन बंद.

आणि आबा, ट्रॅक्टरच्या कॅनमधलं ऑईल गाडीत घालता ना? खरं सांगा. मागच्या वर्षी मी ओट्याखाली तो कॅन बघितलाय. चुलवाणात चिपाड जळून जातं, पण राख राहतेच आणि ती खोऱ्यानं ओढावीच लागते. फिल्टरातली राख येते ती ऑईलमधून. ती कितीही तापवली तरी जळत नाही. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं वेगळं ऑईल येतं. गाडीच्या पुस्तकात जो ग्रेड छापलाय तोच डब्यावर वाचून घ्या. दोनशे रुपये जास्त जातील, जाऊ देत.

आता जाळीचं. मेस्त्री वाईट माणूस नाही, मला माहीत आहे. उद्यमनगरात तेलावरची इंजिनं ओतून उभी करणाऱ्यांच्या हाताखाली तो शिकलाय, त्याच्या कानाला इंजिन कळतं. पण फिल्टर फोडून कॉम्प्युटरला खोटं सांगायचं, हे काम दुरुस्तीचं नाही. इकडं वर्षाच्या तपासणीत फेब्रुवारी २०१४ पासून फिल्टर जागेवर आहे का ते बघतात. काढलेला असला तर गाडी नापास, आणि तशी रस्त्यावर आणली तर हजार पौंडांपर्यंत दंड. आपल्याकडंही मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असे फेरफार करू देत नाही, आणि वॉरंटी जाते ती वेगळीच.

पण दंडाचं राहू दे. मी श्वसनविकारांच्या वॉर्डात काम करते. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातला, ते मी कागदावर वाचलं होतं. ऑक्सिजन लावलेला माणूस बसल्या बसल्या एकेक श्वास मोजून घेतो, ते मी रोज बघते. शिवाजी पेठेत आपल्या बोळात तुम्ही गाडी मागं घेता तेव्हा सायलेन्सरचं तोंड बरोबर आपल्या पायरीसमोर येतं. त्या पायरीवर चिनू बसलेला असतो, त्याचा पंप खिशात घेऊन. सायलेन्सर आणि चिनूचं तोंड एकाच उंचीवर आहे, आबा. मध्ये ती वीट आहे म्हणून त्याच्या छातीत काजळी जात नाही. ती काढू नका. मी हात जोडते.

आत्याला मी कालच फोन केलाय. रविवारी सकाळी तुम्ही येताय असं सांगितलंय, ती तुमच्यासाठी भाकरी आणि झुणका करून ठेवणार आहे. चिनूला बरोबर न्या, काचा वर ठेवून. आणि निघायच्या आधी डिपस्टिक पुसून, परत घालून, काढून तिचा फोटो दादाच्या मोबाईलवरून मला पाठवा. दोन्ही खुणा दिसतील असा, उजेडात. मी जागी असेन.

वहिनीला नमस्कार, चिनूला पापा.

तुमची,
सुमी