बाहेरच्या जेवणाचा खर्च आणि रविवारचा दीड तास

महोदय,

डाळ, तेल, कांद्याच्या भावांवर आपल्या सदरात नेहमी लिहिले जाते. शहरांतल्या अनेक घरांचे महिन्याचे गणित मात्र मोबाइलवरून मागवलेल्या जेवणाने बिघडते. हा खर्च वाण्याच्या यादीत नसतो, यूपीआयच्या नोंदींत तीनशे-पाचशे करत विखुरलेला असतो. ॲपमधल्या मागच्या तीन महिन्यांच्या ऑर्डरी काढून बेरीज करावी आणि प्रत्येकीपुढे वार व वेळ लिहावी. हौसेने मागवलेले किती आणि घरी काहीच तयार नव्हते म्हणून मागवलेले किती, ते लगेच कळते. कापायचा खर्च हा दुसरा.

बिलाचा खालचा भाग नीट वाचावा. समजा, पनीरची भाजी आणि चार रोट्या मिळून 400 रुपये झाले. त्यावर पॅकिंगचे 20 आणि या 420 वर 5 टक्के जीएसटीचे 21. पोहोचवण्याचे 35, प्लॅटफॉर्म फी, म्हणजे ॲप वापरल्याबद्दलचे शुल्क, 14 आणि या दोन्हींवर 18 टक्के जीएसटी. म्हणजे 400 चे जेवण 499 च्या घरात जाते. प्लॅटफॉर्म फी 2023 मध्ये सुरू झाली तेव्हा दोन रुपये होती. शिवाय ॲपचे कमिशन भरून काढण्यासाठी बरीच हॉटेले तिथे पदार्थाचाच दर चढा लावतात. तीच भाजी चालत जाऊन, घरचा डबा नेऊन आणली तर बिल खूपच उतरते. कूपनसाठी ‘आणखी साठ रुपयांचे घ्या’ असे दिसले की नको असलेला गोड पदार्थ यादीत शिरतो, तेही थांबते.

खरा उपाय आहे तो रविवारी दीड तास काढून आठवड्याची ग्रेव्ही करून ठेवण्याचा. एक किलो कांदा बारीक चिरून दीडशे मिली तेलात मध्यम आचेवर बदामी होईपर्यंत परतावा. याला वेळ लागतो आणि घाई इथेच नडते. कांदा कच्चट असताना टोमॅटो पडला तर त्याच्या पाण्यात कांदा नुसता शिजतो, परतला जात नाही, आणि भाजीला उग्र वास राहतो. कच्चा कांदा मिक्सरमधून काढला तर कडवटपणा येतो, म्हणून चिरलेलाच घ्यावा. मग शंभर ग्रॅम आले-लसूण वाटण, दोन मिनिटांनी पाऊण किलो टोमॅटोचा रस, हळद, तिखट, धणे-जिरे पूड आणि निम्मेच मीठ, उरलेले भाजी करताना. कडेने तेल सुटेपर्यंत आटवावे. पाणी राहिले तर ग्रेव्ही लवकर आंबते. पूर्ण गार झाल्यावरच डब्यांत भरावी, नाहीतर झाकणाखाली वाफेचे थेंब साचतात. तीन-चार माणसांच्या सहा भाज्या यात होतात. चार दिवसांपुरती फ्रिजमध्ये, उरलेली फ्रीझरमध्ये महिनाभर टिकते. बटाटा घालून गोठवू नये, तो भुसभुशीत होतो. संध्याकाळी ग्रेव्ही गरम करून त्यात मोड आलेली मटकी, मटार, उकडलेली अंडी किंवा पनीर, जे असेल ते.

पोळ्यांचा कंटाळा हे ऑर्डरीचे दुसरे मोठे कारण. तीनशे ग्रॅम कणकेच्या दहा-बारा पोळ्या होतात. कणीक आदल्या रात्री मळायची असेल तर जरा घट्ट मळावी, कारण ती रात्रभरात सैल पडते. वरून तेलाचा हात लावून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, म्हणजे काळी पडत नाही. लाटण्याआधी वीस मिनिटे बाहेर काढावी, नाहीतर कडा फाटतात. आंबट वास आला तर टाकून द्यावी. तेही जमत नसेल तर कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून नुसत्या पोळ्या आणाव्यात आणि भाजी घरी करावी. यात कमीपणा काहीच नाही, आणि पैसे गल्लीतल्याच कष्टाळू बायकांच्या हाती जातात.

अगदीच उशीर झाला तर एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, पाच वाट्या पाणी. कुकरमध्येच फोडणी करून तीन शिट्ट्या. प्रेशर उतरेपर्यंत धरले तरी अर्ध्या तासात मऊ खिचडी पानात येते.

ही व्यवस्था बहुतेकदा एकाच कारणाने मोडते. रविवारचा दीड तास घरातल्या एकाच बाईच्या माथी पडतो आणि तिसऱ्या आठवड्यात ती थकते. लसूण सोलणे, कांदा चिरणे, डबे भरणे ही कामे मुलांनी आणि पुरुषांनी वाटून घेतलीच पाहिजेत. एकदम सगळे बंद करण्याचा निश्चयही टिकत नाही. आठवड्याला चार ऑर्डरी होत असतील तर पहिल्या महिन्यात दोन कराव्यात आणि त्या कोणत्या दिवशी, हे सकाळी पोट भरलेले असताना ठरवावे. ॲपच्या सूचना बंद कराव्यात, साठवलेले कार्ड काढून टाकावे. वाचलेली रक्कम त्याच दिवशी पोस्टाच्या किंवा बँकेच्या वेगळ्या खात्यात टाकावी. खर्चाच्याच खात्यात राहिली तर ती दुसरीकडे कुठे गेली ते कळतही नाही.

– एक वाचक, डोंबिवली