पश्या निघाला, डिपॉझिटचं काय?

कर्वेनगर, पुणे
रविवार

प्रिय मन्या,

काल फोनवर तू इतका तापला होतास की मी मध्ये काही बोललो नाही, नुसतं ऐकून घेतलं. फोनवर अशा गोष्टी निघाल्या की आकडे बाजूला राहतात आणि ‘तो मला असं म्हणाला’ एवढंच डोक्यात उरतं. म्हणून लिहितोय. सावकाश वाच, आणि वाचून झालं की पश्यालाही दाखव. त्याच्यापासून लपवावं असं यात काही नाही. तुम्ही दोघंही माझे तितकेच जवळचे आहात.

पश्याला बंगळुरूला नोकरी मिळाली, पुढच्या शनिवारी तो निघतोय आणि जाताना तुमच्या वाकडच्या फ्लॅटच्या डिपॉझिटमधला त्याचा अर्धा वाटा, साडेसदतीस हजार, तुझ्याकडे मागतोय. तू म्हणतोस, अकरा महिन्यांचं ठरलेलं असताना पाचव्या महिन्यात सोडून जाणाऱ्याला एक रुपया देणार नाही. अरे, ते ७५ हजार तुझ्याकडे आहेत कुठे? ते मालकाकडे आहेत. फ्लॅट रिकामा करून किल्ल्या हातात दिल्याशिवाय तो ते परत करणार नाही, आणि तू तर तिथेच राहतोयस. तेव्हा तू आज खिशातून पैसे काढून द्यावेस असा त्याचा हक्क नाही. पण ते पैसे त्याचेच आहेत, हेही तितकंच खरं. त्याच्या जागी जो येईल तो त्याचा वाटा त्याला देईल. राग आला म्हणून ते पैसे तुझे होत नाहीत.

भाड्याचं मात्र वेगळं आहे. अॅग्रीमेंट काढून बघ. लायसन्सी, म्हणजे भाड्याने राहणारे, म्हणून तुम्हा दोघांची नावं आहेत आणि भाडं एकच लिहिलंय, महिना २४ हजार. मालकाने पश्याला एक बेडरूम आणि तुला दुसरी अशी दिलेली नाही. १८७२ च्या करार कायद्यात कलम ४३ आहे: दोघांनी मिळून एखादी गोष्ट कबूल केली असेल, तर समोरचा माणूस त्यांपैकी कुणाही एकाकडून सगळं वसूल करू शकतो. म्हणजे पश्या गेल्यावर मालक तुझ्याकडे पूर्ण २४ हजार मागेल आणि त्यात त्याचं काही चुकणार नाही. पण त्याच कलमात पुढे असंही आहे की ज्याने भरले तो दुसऱ्याकडून त्याचा सारखा वाटा मागू शकतो. ‘मी गेलो, माझा संबंध संपला’ हे पश्याचं म्हणणं त्यामुळे टिकत नाही. सामान हललं तरी नाव कागदावरच आहे.

तुम्ही दोघांनी आपसात काय ठरवलं होतं? काहीच नाही. मालकाशी केलेल्या कागदाची नोंदणी होते, अंगठे लागतात, पोलिसांकडे माहिती जाते. आणि दोन मित्र एकमेकांशी काय बांधील आहेत हे कुणी अर्ध्या पानावरही लिहीत नाही. तेव्हा माझं म्हणणं असं, की मालकाशी जी मुदत आहे तीच एकमेकांशीही धरा. तुमचा लॉक-इन, म्हणजे ज्याच्या आत सोडता येत नाही तो काळ, सहा महिन्यांचा आणि नोटीस एक महिन्याची. म्हणजे सहाव्या महिन्याचे बारा हजार पश्याने द्यायचे, तो तिथे झोपो न झोपो. नवा माणूस मध्येच आला तर त्या तारखेपासून पश्या मोकळा. सातव्या महिन्यातही खोली रिकामी राहिली तर ते बारा हजार दोघांनी निम्मे निम्मे उचलावेत असं मला वाटतं. पण ते फार ओढू नका. आठव्यात जायची वेळ आली तर दोघांनी मिळून मालकाला नोटीस द्या आणि तू लहान घर बघ.

आता जिथे खरी भांडणं होतात तिथे येतो. नवा माणूस कुणी शोधायचा आणि कुणी पसंत करायचा? कर्वेनगरला आम्ही चौघं होतो तेव्हा एकजण असाच निघाला होता. तो एकेक माणूस घेऊन यायचा, बाकीचे दोघं नाक मुरडायचे. एकाला बुलेट आहे, पार्किंग कुठे आहे? दुसरा फोनवर फार मोठ्याने बोलतो. तिसऱ्याचं तर आडनाव ऐकूनच एकाने ‘नको’ म्हटलं. मला त्या रात्री फार वाईट वाटलं आणि मी ते तिथेच बोलून दाखवलं. खोली रिकामी राहिली, गेलेला म्हणायचा तुम्ही सगळ्यांना नाकारता म्हणून भाडं तुमचं, राहिलेले म्हणायचे तू गेलास म्हणून तुझं. ते तिघं आज एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत.

म्हणून स्पष्ट सांगतो. माणूस शोधायची खटपट पश्याची. पसंतीचा हक्क तुझा, कारण त्याच्यासोबत तुलाच राहायचंय. पण नकाराला कारण हवं. घरात सिगरेट ओढणारा, रोज रात्री चार जणांना घेऊन बसणारा, भाडं द्यायची ऐपत नसलेला, अशांना खुशाल नाही म्हण. जात, गाव, ताटात काय खातो यावरून नाही म्हणायचं नाही. आणि पश्याने धडधाकट नोकरीची दोन सरळ माणसं आणली आणि तू ती कारण न देता परत पाठवलीस, तर त्या दिवसापासून रिकाम्या खोलीचं भाडं तुझं. हे आज पश्यासमोर कबूल कर.

माणूस मिळाला की लगेच नवं अॅग्रीमेंट करा. मालक म्हणेल, कशाला, चाललंय तसं चालू द्या, नवा मुलगा तुमच्या ओळखीचाच आहे ना. ऐकू नकोस. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी असणं आणि त्याची नोंदणी होणं सक्तीचं आहे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. जुना करार रद्द झाल्याचं मालकाकडून लेखी घ्या, आणि ७५ हजार आता तुझ्या आणि नव्या मुलाच्या नावावर आहेत असं नव्या करारात स्पष्ट लिहून घ्या. तसं झालं नाही तर अकराव्या महिन्यात मालक म्हणेल, अर्धे पैसे मी पश्याकडून घेतले होते, त्यालाच देणार. मग नवा मुलगा तुझी गचांडी धरेल.

पश्यालाही हे पटव, कारण त्यात त्याचा जास्त फायदा आहे. त्याचं नाव तसंच राहिलं आणि मुदत संपल्यावर कुणी फ्लॅट सोडला नाही, तर त्याच कायद्याचं कलम २४ लागतं आणि भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागितली जाते. बंगळुरूत बसून त्याला ते निस्तरायला लागू नये. खर्च फार नाही. तुमच्या मुदतीच्या एकूण भाड्यावर स्टॅम्प ड्युटी पाव टक्क्याने सातशेच्या आत येते, नोंदणी फी हजार, वर घरी अंगठ्याचं मशीन घेऊन येणाऱ्या एजंटचे जे असतील ते. हे पश्याने द्यावेत, बदल त्याच्यामुळे होतोय.

किरकोळ हिशेब एका कागदावर संपवा. तो निघेल त्या दिवशी मीटरचा फोटो काढा, म्हणजे लाइट बिलावरून वाद नको. रंगाचे १५ हजार मालक शेवटी कापणारच आहे. त्यातले साडेसात पश्याच्या वाट्याचे, आणि तो अकरातले पाच महिने राहिला, म्हणजे साधारण ३,४०० रुपये त्याने आत्ताच सोडावेत. नव्या मुलाने पूर्ण भुर्दंड का सोसावा? भिंतींचे फोटोही काढून ठेवा. वॉशिंग मशीन दोघांत घेतलंय, तर आज सेकंडहँड जी किंमत येईल तिच्या निम्मे तू पश्याला दे. स्वयंपाकाच्या मावशींना मात्र आजच सांगा. त्यांनी एका माणसाच्या पोळ्या कमी होणार हे महिना संपताना कळून घ्यावं, हे बरोबर नाही.

मन्या, कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तुला कावीळ झाली तेव्हा पश्या तुला एसटीने घरी सोडायला इस्लामपूरपर्यंत आला होता आणि त्यापायी त्याचा सबमिशनचा दिवस गेला होता. तो पैशासाठी कधी कुणाला फसवणारा नाही. घाबरलाय तो, नव्या शहरात त्यालाही डिपॉझिट भरायचंय. काल तू जे म्हणालास ना, ‘त्याला गरज होती तेव्हा मित्र होतो’, ते त्याला बोलू नकोस. हिशेब चुकला तर पुन्हा करता येतो, हे शब्द परत घेता येणार नाहीत.

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर मी थेट वाकडला येतो. पश्याला घरी थांबायला सांग. त्याआधी अॅग्रीमेंटचा फोटो पाठव, विशेषतः लॉक-इन आणि रंगकामाचं पान.

तुझा,
विन्या

ता. क. वायफाय पश्याच्या नावावर आहे. तो निघायच्या आधी ते तुझ्या नावावर करून घ्या. राउटरचं डिपॉझिट त्याने भरलंय, ते त्याचं त्याला मिळायला हवं.