‘नॅनो’ खरे, पण ए, बी की सी?

महोदय,

४ एप्रिल २०२५ रोजी चीनने समेरियम, गॅडोलिनियम, यिट्रियम यांच्यासह सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या निर्यातीवर निर्बंध आणले. तेव्हापासून त्यांच्या ऑक्साइडांवर बरेच लिहिले जाते. ‘कण नॅनो झाला की त्याची स्फटिकरचना कमी तापमानाला आणि कमी दाबाला बदलते’ असे सरसकट विधानही त्यात वाचायला मिळते. ते अर्धेच खरे आहे, आणि खरी गोम उरलेल्या अर्ध्यात आहे.

धातूच्या दोन अणूंना ऑक्सिजनचे तीन, अशा या ऑक्साइडांची दोन हजार अंशांखाली तीन रूपे आढळतात: सी म्हणजे घनीय, बी म्हणजे एकनत आणि ए म्हणजे षट्कोणी. सी रूपात धातूच्या अणूभोवती सहा ऑक्सिजन असतात, ए रूपात सात. बीमध्ये काही जागी सहा, काही जागी सात. शेजारी वाढले की रचना दाटते. लँथॅनम आणि निओडिमियमचा ओढा ए रूपाकडे, तर यिट्रियम आणि अर्बियमचा सीकडे. समेरियम, युरोपियम, गॅडोलिनियम ही मधली मंडळी कुंपणावर बसलेली.

गॅडोलिनियम ऑक्साइडच घ्या. सी रूपाची घनता घन सेंटिमीटरला सुमारे ७.६ ग्रॅम. साधारण १२०० ते १२५० अंश सेल्सिअसला त्याचे बी होते आणि घनता ८.३ च्या आसपास जाते. म्हणजे आकारमान एकदम आठ टक्क्यांनी घटते. दाबून केलेली वडी त्या तापमानातून नेली की तडकते ती यामुळे. थंड केल्यावर बी सहसा बीच राहते.

आता नॅनो. धातूच्या नायट्रेटच्या द्रावणात अमोनिया घालून सामू ९ ते १० वर आणायचा, साका धुऊन १०० अंशांच्या आत वाळवायचा आणि ६०० अंशांना दोन तास भाजायचा, की सी रूपाची नॅनो पावडर मिळते. ओला साका हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो. ५०० अंशांवर थांबलात तर कार्बोनेट मागे राहते, क्ष-किरणांच्या आलेखात पसरट फुगवटे दिसतात आणि कुणीतरी त्याला ‘अस्फटिकी अवस्था’ म्हणून मोकळे होते. उलट तापमान चढवत नेले तर कण एकमेकांत मिसळून वाढतात. १२०० अंश येईपर्यंत नॅनो असे काही उरलेलेच नसते. मग ‘नॅनो कणांचे रूपांतर तापमान’ म्हणून छापलेला आकडा कशाचा? बहुधा मोठ्या झालेल्या कणांचा.

नायट्रेट आणि ग्लायसिन हे इंधन एकत्र पेटवायच्या ज्वलन पद्धतीत तर भट्टीवरचा आकडा पाहण्यातही अर्थ नाही. एक मोल नायट्रेटला १.६७ मोल ग्लायसिन हे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण. त्याच्या जवळ गेलात की ज्वाला काही क्षण हजार अंशांच्या वर जाते आणि मुशीत थेट बी रूप निघू शकते. ग्लायसिन कमी ठेवले की सी. ओळख पटवायची सोपी युक्ती म्हणजे थोडे युरोपियम मिसळणे. सी रूप ६११ नॅनोमीटरला ठळक लाल प्रकाश देते, बी रूपात तो ६२३ च्या आसपास सरकतो.

आकाराच्या आकड्याचेही तेच. सेरियाचा, म्हणजे सेरियम डायऑक्साइडचा, दहा नॅनोमीटरचा कण तांब्याच्या क्ष-किरणांत २८.५ अंशांच्या शिखराला सुमारे ०.८ अंश रुंदी देतो. त्यातून यंत्राची स्वतःची रुंदी लँथॅनम हेक्साबोराइडच्या नमुन्यावरून वजा करावी लागते. शिवाय कणातला ताणही शिखर रुंदावतो. तो वेगळा न काढता सगळी रुंदी आकाराच्या खात्यावर टाकली की कण कागदावर आहे त्याहून लहान होतो.

पृष्ठताणामुळे लहान कण आतून दाबला जातो, हे खरे. त्रिज्या ५ नॅनोमीटर आणि पृष्ठऊर्जा चौरस मीटरला १.५ ज्यूल धरली तर हा दाब ०.६ गिगापास्कल भरतो (एक गिगापास्कल म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दहा हजार पट). पण सेरियाचा नॅनोस्फटिक आकसण्याऐवजी फुगतो! ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या होतात, चार प्रभाराच्या सेरियमचे तीन प्रभाराचे होते, आणि ते आकाराने मोठे असते.

बाहेरून दाब देताना सर्वाधिक घोटाळे होतात. हिऱ्यांच्या दोन टोकांमध्ये स्टीलची पातळ गॅस्केट, तिच्यात शे-दीडशे मायक्रॉनचे छिद्र, छिद्रात पावडर, दाब मोजायला माणकाचा कण आणि दाब सगळीकडे सारखा पोचवणारे माध्यम. मिथेनॉल-इथेनॉलचे ४:१ मिश्रण स्वस्त म्हणून सर्रास वापरतात. ते १० गिगापास्कलच्या आसपास घट्ट होते. यिट्रियम ऑक्साइडचे सी ते बी रूपांतर मात्र १२-१३ च्या सुमारास अपेक्षित! म्हणजे ऐन मोक्याच्या क्षणी नमुना एका बाजूने चिरडला जात असतो. पावडर ठासून भरली तर कणांचा पूल दोन्ही हिऱ्यांना टेकतो आणि हे त्याआधीच सुरू होते. माणकाच्या प्रकाशातल्या दोन रेषा रुंदावून एकमेकींत मिसळू लागल्या की समजावे, दाब सारखा राहिलेला नाही. अशा वेळी निऑन किंवा हेलियम भरावा. कुठे लहान कण आधी बदलतात, कुठे उशिरा, असे परस्परविरोधी निष्कर्ष निघतात, त्यामागे पृष्ठऊर्जा आणि नव्या रूपाचे बीज पडण्यातली अडचण तर असतेच, पण हे माध्यमही असते.

दाबाबरोबर तापमानही वाढवायचे असेल तर माणिक फसवते. त्याची ६९४.२ नॅनोमीटरची रेषा दर गिगापास्कलला ०.३६५ नॅनोमीटर सरकते, आणि दर अंशाला ०.००६८. म्हणजे ५४ अंशांची वाढ नोंदवायची राहिली तर एक गिगापास्कल दाब फुकटचा मोजला जातो. त्यापेक्षा समेरियम मिसळलेला स्ट्रॉन्शियम बोरेट बरा, त्याची ६८५.४ ची रेषा तापमानाने जवळपास हलत नाही.

आणखी एक. दाब काढल्यावर यिट्रियम ऑक्साइडचे ए रूप बीकडे परतते, पण बी पुन्हा सी होत नाही. तेव्हा हिऱ्यांमधून बाहेर काढलेल्या पावडरचा आलेख ‘उच्च दाबाची रचना’ म्हणून छापू नये. दाब असतानाचा आलेख कोणत्या माध्यमात आणि किती गिगापास्कलला घेतला, ते चित्राखाली द्यावे, ही विनंती.

– पदार्थविज्ञानाचे दोन अभ्यासक, पुणे