गुडघ्यांची तयारी ठाण्यातच

ठाणे, १८ मे

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

बाबा, तुम्हाला माझ्या गुडघ्यांची काळजी वाटते, ती रास्तच आहे. मी न्यूझीलंडला बर्फावर स्की करायला जातेय आणि तिथला हंगाम जूनच्या मध्यावर सुरू होतो, त्यामुळे पाय इथल्या उकाड्यातच घडवावे लागतात.

उतारावर मांडीचा पुढचा स्नायू सतत वजन अडवून धरतो. म्हणून चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव महत्त्वाचा. पहाटे लिफ्टने वर जायचं आणि चौदा मजले सावकाश पायी उतरायचे. मग भिंतीला पाठ टेकून, गुडघे काटकोनात, ४५ सेकंद, असं चारदा. मांडीमागच्या स्नायूंना विसरून चालत नाही, कारण नडगी पुढे सरकू न देता एसीएल लिगामेंट (गुडघ्याच्या आतला, हाडं जोडून ठेवणारा बंध) वाचवायला तेच मदत करतात.

पडल्यावर बूट स्कीपासून सोडवणारं बाइंडिंग असतं. ते किती जोरावर सुटावं याचा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य यांवरून ठरतो. दुकानात वजन कमी सांगितलं तर ते भलत्या वेळी सुटतं. कौशल्य फुगवून सांगितलं तर सुटायला हवं तेव्हा सुटत नाही. मुळात ते नडगीचं हाड मोडू नये म्हणून बनलंय, एसीएलची हमी देत नाही. त्यामुळे व्यायामाला पर्याय नाहीच.

स्की तिथे भाड्याने घ्यावेत, बूट मात्र स्वतःचे हवेत. माप असं बघायचं: आतला मऊ लायनर (अस्तर) काढून बाहेरच्या नुसत्या कडक कवचात पाय घालायचा, बोटं पुढे टेकवायची. टाचेमागे दीड-दोन सेंटीमीटर जागा उरली पाहिजे. जास्त उरली की टाच उचलली जाते, मग बकलं आवळली जातात आणि पाय बधिर होतात. मोजा एकच, पातळ. आपल्या दमट हवेत बूट बॅगेत कोंडले की लायनरला बुरशी येते. ते काढून पंख्याखाली वाळवायचे आणि कवचाचा आकार बिघडू नये म्हणून बकलं सैल लावून ठेवायची.

आई, विरळ हवेची भीती नको. क्वीन्सटाउनजवळचं कॉरोनेट पीक १६४९ मीटर, आपलं कळसूबाई १६४६! ऊन मात्र बर्फावरून उलटून लागतं, म्हणून सनस्क्रीन हनुवटीखालीही लावायचं.

लाडू दिलेस तर विमानतळावर ते जाहीर करावे लागतील. न सांगता नेले तर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. बुटांच्या तळव्यांना मातीही चालत नाही, तेव्हा जुन्या टूथब्रशने खाचा घासून ठेवते आहे.

तुमची,
ताई