सुराबायाला पडलेल्या मराठा सैनिकांची नावं लावा, पण खरं काय ते लिहून

प्रति,
मा. मंत्री, माजी सैनिक कल्याण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : दुसरं महायुद्ध ‘संपल्यानंतर’ जावा बेटावर मारल्या गेलेल्या मराठा सैनिकांच्या स्मृतिफलकाबाबत

मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

१५ ऑगस्ट १९४५ रोजी जपानच्या सम्राटाने रेडिओवरून शरणागती जाहीर केली आणि दुसरं महायुद्ध संपलं, असं आम्ही शिक्षकांनी पोरांना वर्षानुवर्षं शिकवलं. दोन वर्षांनी भारताच्या स्वातंत्र्यासाठी माउंटबॅटन यांनी हाच दिवस निवडला. जपानच्या शरणागतीला त्या दिवशी दोन वर्षं होत होती, म्हणून निवडला, हे त्यांनीच नंतर सांगितलं. शरणागतीच्या वेळी ते आग्नेय आशियातल्या दोस्त फौजांचे सरसेनापती होते. त्यांच्या हाताखालच्या दोन मराठा पलटणींची लढाई मात्र १५ ऑगस्टला संपली नाही. हे पत्र त्यांच्याबद्दल आहे.

पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या चौथ्या आणि सहाव्या पलटणी ४९ व्या भारतीय ब्रिगेडमध्ये होत्या. तिसरी पलटण राजपुताना रायफल्सची. म्हणजे ब्रिगेडच्या तीनपैकी दोन पलटणी आपल्या. यातल्या चौथ्या पलटणीने मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या डोंगरातल्या संगशाकला, छत्रीधारी ब्रिगेडच्या सोबतीने, जपान्यांना चार-पाच दिवस थोपवून धरलं होतं. जपानचं कोहिमाकडे येणं तिथे रखडलं, हे लष्करी इतिहासाचे जाणकार आता मोकळेपणाने मान्य करतात. अशा माणसांना लढाई संपल्यावर घरी पाठवायला हवं होतं. त्यांना जावाला पाठवलं.

कागदावरचं काम चांगलंच होतं. जपान्यांनी जावातल्या छावण्यांमध्ये युद्धकैदी आणि हजारो डच बायका-मुलं कोंडून ठेवली होती. त्यांना सोडवायचं, जपान्यांची शस्त्रं काढून घ्यायची आणि परत यायचं. पण दरम्यान १७ ऑगस्टलाच सुकार्नो आणि हत्ता यांनी इंडोनेशिया स्वतंत्र झाल्याची घोषणा केली होती. डचांना आपली वसाहत परत हवी होती आणि इंग्रज त्यांचे दोस्त होते. जावातल्या सुराबाया शहरात सप्टेंबरमध्येच डचांनी एका हॉटेलवर आपला लाल-पांढरा-निळा झेंडा चढवला, तर तिथल्या पोरांनी वर चढून खालची निळी पट्टी फाडून टाकली. उरला लाल-पांढरा, त्यांचा स्वतःचा झेंडा. त्या शहरात २५ ऑक्टोबरला आपली ब्रिगेड उतरली.

ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर मॅलबी यांनी तिथल्या लोकांशी बोलून एक समझोता केला होता. २७ तारखेला वरिष्ठांच्या हुकमावरून विमानांनी शहरावर पत्रकं टाकली : अठ्ठेचाळीस तासांत शस्त्रं खाली ठेवा, नाहीतर गोळी घालू. समझोता करणाऱ्या मॅलबींनाही याची आधी कल्पना नव्हती. शहराला वाटलं, आपल्याला फसवलं. २८ ला सबंध शहर उठलं. आपली माणसं तुकड्या-तुकड्यांनी शहरभर विखुरलेली होती. कुणी इस्पितळाजवळ, कुणी गोदीवर, कुणी एखाद्या कार्यालयाच्या इमारतीत. जवळ असतील तेवढीच काडतुसं. त्याच दिवशी डच बायका-मुलांना छावणीतून हलवणारा ट्रकांचा ताफा वाटेत अडवला गेला. त्याच्या पहाऱ्यावर भारतीय सैनिक होते. बायका-मुलांना मागे घेऊन ते काडतुसं संपेपर्यंत लढले, त्यातले बरेच तिथेच गेले. २९ ला सुकार्नोंना विमानाने आणून तह करावा लागला. ३० ला लाल पुलाजवळ मॅलबीच मारले गेले. मग आणखी एक भारतीय डिव्हिजन आली आणि १० नोव्हेंबरला समुद्रातून युद्धनौकांच्या तोफा आणि वरून विमानं लावून शहर घेतलं. लढाई जवळजवळ तीन आठवडे चालली. इंडोनेशियाचे किमान काही हजार लोक मेले. १० नोव्हेंबर हा आजही त्यांचा वीरदिन आहे आणि सुराबायात त्याचा उंच स्तंभ आहे.

साहेब, मला अडचण इथे पडते. ज्या तुकडीने त्या बायका-मुलांसाठी जीव दिला, तिला मी मान देतो. तीच ब्रिगेड एका परक्या देशाचं स्वातंत्र्य मोडायच्या कामी जुंपली गेली, हेही तितकंच खरं. आणि हे तिला आधी ठाऊक नव्हतं. तिथल्या जमावांनी त्या महिन्यांत निरपराध डच आणि मिश्रवंशीय कुटुंबं कापली, हेसुद्धा पुसता येत नाही. वर कडी म्हणजे जावाच्या काही भागांत इंग्रजांनी शरण आलेल्या जपानी तुकड्यांच्याच हाती बंदुका ठेवून त्यांना आपल्या बाजूने लढवलं. संगशाकला ज्यांच्याशी झुंजले, तेच आता एका हुकमाखाली शेजारी उभे. आमच्या पाठ्यपुस्तकात हे कधी आलं नाही. हिरोशिमा-नागासाकीच्या दोन ओळी झाल्या की पुढचा धडा सुरू.

आमच्या तालुक्यात एका घरी भिंतीवर सैनिकाचा फोटो आहे. घरचे सांगतात, ‘आजोबा बर्मात गेले.’ आमच्याकडे पूर्वेला गेलेला प्रत्येक फौजी बर्मातच गेला असतो, त्यामुळे मी आधी तसंच धरलं. फोटोखालच्या पत्र्याच्या पेटीत मेडलं आणि एक पिवळा पडलेला सरकारी कागद होता. त्यावरची तारीख ऑक्टोबर १९४५ ची. ऐकलेली हकीकत अशी की, लढाई संपल्याचं गावात केव्हाच कळलं होतं, दिवाळीला माणूस घरी येईल म्हणून बाई वाट पाहत होती, आणि तार आली. तिच्या सासऱ्याने ती तार परत पाठवायला सांगितली. लढाईच संपलीय, तर ही जुनी तार उशिरा आली असणार, असं त्याचं म्हणणं. पोस्टमनने कसंबसं समजावलं. त्या बाईला शेवटपर्यंत पेन्शन मिळाली. पण नवरा कुणाविरुद्ध आणि कशासाठी लढताना गेला, हे तिला कुणी सांगितलं नाही.

अशी माणसं आपल्या कुठल्याच यादीत नीट बसत नाहीत. इंडिया गेटवरची नावं पहिल्या महायुद्धाची आणि तिसऱ्या अफगाण युद्धाची. दिल्लीतलं राष्ट्रीय युद्ध स्मारक स्वातंत्र्यानंतरच्या हुतात्म्यांचं. मधली दुसऱ्या महायुद्धाची माणसं दोन्हीकडे नाहीत. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला म्हणून त्यांची नावं तरी टिकली. आझाद हिंद सेनेला आपण मान दिला, तो योग्यच दिला. पण इम्फाळच्या आघाडीवर तिच्या समोर उभ्या असलेल्या मराठा शिपायाला काय म्हणायचं, हे आपण ठरवायचंच टाळलं. मग जावातल्या शिपायाचं तर नावच नको. गंमत अशी की, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या हिशेबात दुसरं महायुद्ध ३१ डिसेंबर १९४७ पर्यंत धरलं जातं, त्यामुळे त्यांच्या नोंदींत जावाचे मृत सापडतात. ज्या साम्राज्याने पाठवलं, त्याच्या वहीत नोंद आहे. आपल्या ग्रामपंचायतीत नाही.

त्या काळी हा विषय लोकांना ठाऊक नव्हता असं नाही. भारतीय फौज जावात वापरण्याचा नेहरूंनी जाहीर निषेध केला होता. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या किनाऱ्यावरच्या तळातल्या नौसैनिकांनी संप पुकारला, तेव्हा त्यांच्या मागण्यांत इंडोनेशियातून भारतीय सैन्य परत बोलवा, ही मागणी होती. चांगलं अन्न, समान वागणूक या मागण्यांच्याच यादीत. मुंबईतला नाविक जावातल्या शिपायाला परत आणा म्हणत होता आणि जावातला शिपाई तेव्हा पहाऱ्यावर होता. भारतीय फौज तिथून पूर्ण निघाली ती नोव्हेंबर १९४६ मध्ये. कुलाब्यात त्या उठावाचं स्मारक आहे. त्या नाविकांनी ज्यांच्यासाठी मागणी केली, त्यांचं कुठेच नाही.

माझी मागणी फार खर्चाची नाही. प्रत्येक जिल्ह्यात तुमचं सैनिक कल्याण कार्यालय आहे. बेळगावला रेजिमेंटचं केंद्र आहे. या दोघांनी मिळून वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या नोंदींतून या दोन पलटणींच्या मृतांची गावं शोधावीत. कारकुनांनी मनावर घेतलं तर हे सहा महिन्यांचं काम आहे. मग त्या-त्या गावात, पहिल्या महायुद्धाच्या जुन्या पाट्या जिथे आहेत तिथे त्यांच्या शेजारी, नसतील तिथे शाळेच्या आवारात, एक साधा फलक लावावा. उद्‌घाटनाला मुंबईतल्या इंडोनेशियाच्या वाणिज्य दूताला बोलवावं आणि ते १० नोव्हेंबरलाच करावं. १५ ऑगस्टला करू नका, त्या दिवशी हा विषय भाषणांत वाहून जाईल.

तुमच्याच पक्षातले कुणी म्हणतील, इंग्रजांच्या चाकरीत मेलेल्यांचं स्मारक कशाला? दुसरे कुणी म्हणतील, सैनिक तो सैनिक, वीरगती म्हणा आणि फुलं वाहा. दोघांनाही मधलं काही बोलायचं नसतं. आणखी एक गुंता आधीच सांगून ठेवतो, नंतर अडचण नको. शेकडो भारतीय सैनिक तिथे पळून इंडोनेशियाच्या बाजूला गेले. त्यात मुसलमान शिपाई जास्त, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांची गावं आता पाकिस्तानात. तरी शोधताना एखादं नाव आपल्या तालुक्यातलं निघालं तर काय करायचं, याचा निर्णय कारकुनावर सोडू नका. माझ्या मते तेही नाव लागावं.

फलकाचा मजकूर मी करून दिला आहे. तीनच वाक्यं आहेत :

‘या गावचे … हे दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५-४६ मध्ये जावा बेटावर मृत्यू पावले. युद्धकैदी आणि छावण्यांतल्या बायका-मुलांच्या सुटकेसाठी त्यांना पाठवलं होतं. ज्यांच्याशी त्यांना लढावं लागलं, ते लोक आपल्यासारखेच स्वतःच्या स्वातंत्र्यासाठी उभे राहिले होते.’

पहिल्या दोन वाक्यांत हवा तो बदल करा, हुद्दा घाला, पलटण घाला, पालकमंत्र्यांचं नाव खाली बारीक अक्षरांत घातलंत तरी माझी हरकत नाही. तिसरं वाक्य काढायचं ठरलं, तर मात्र फलकच लावू नका.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक,
सातारा जिल्हा